रूढी की लक्षण? सायकोडायनॅमिक थेरपी शिकू लागलेल्यांसाठी

“पस्तिशीतली अविवाहित बाई आहे. बँकेत नोकरी. दर महिन्याला सगळा पगार वडिलांच्या हातात देते आणि रोज सकाळी त्यांच्याकडून येण्याजाण्याचे पैसे मागून घेते. आता झोप लागत नाही म्हणून आली आहे. याला अवलंबित्व म्हणायचं, की आपल्याकडची पद्धत?”

सुपरव्हिजनच्या गटात (इथे ज्येष्ठ थेरपिस्टच्या देखरेखीखाली आपापल्या केसेसवर बोलतात) नव्याने आलेला थेरपिस्ट हमखास असा काहीतरी प्रश्न घेऊन येतो. गटात लगेच दोन तट पडतात. इंग्रजी पुस्तकं ताजी वाचलेले म्हणतात, ही वडिलांपासून वेगळीच झालेली नाही. त्या पुस्तकांना कंटाळलेले म्हणतात, आपल्याकडे असंच असतं, यात आजार कुठे आला? दोन्ही तट त्या बाईचं ऐकायच्या आत निकाल देऊन मोकळे होतात. सगळ्या प्रशिक्षणातून मला मिळालेली सगळ्यात उपयोगी सवय म्हणजे हा निकाल लांबवायचा आणि विचारायचं, की ही पद्धत ही बाई कशासाठी वापरते आहे? हे विचारता यावं म्हणून कोणती तयारी करावी लागते, ते पुढे टप्प्याटप्प्याने सांगते.

ज्यांना हा प्रांत अगदी नवा आहे त्यांच्यासाठी थोडक्यात : सायकोडायनॅमिक थेरपी मानते की मनाचा मोठा भाग नेणिवेत चालतो. लहानपणच्या नात्यांचे साचे आजच्या नात्यांत पुन्हा उमटतात, थेरपिस्टशी असलेल्या नात्यातही उमटतात (याला ट्रान्सफरन्स म्हणतात), आणि सहन न होणाऱ्या भावनांपासून माणूस स्वतःला नाना तऱ्हांनी वाचवतो (हे डिफेन्सेस). हे शास्त्र व्हिएन्नात, फ्रॉइडच्या मनोविश्लेषणातून (सायकोॲनालिसिस) जन्मलं. तुमच्यासमोर येणारी माणसं परभणीची, मडगावची, धारावीची किंवा पुण्यात नोकरीला आलेली बिहारची असतील. संस्कृतीचा फरक परदेशातच लागतो असं नाही. सदाशिव पेठेत वाढलेल्या थेरपिस्टला नागपूरच्या बौद्ध कुटुंबातला क्लायंट भेटतो तेव्हाही तो पुरेपूर असतो.

लेखातली क्लायंटची उदाहरणं अनेक अनुभव एकत्र करून रचलेली आहेत. कोणा एका व्यक्तीची ती नाहीत.

१. कागदपत्रं आणि कायदा आधी मार्गी लावा

हा टप्पा कंटाळवाणा आहे, पण टाळू नका. ‘क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट’ अशी पाटी लावायची तर भारतीय पुनर्वास परिषदेची नोंदणी लागते. अभ्यासक्रमांचे नियम अलीकडे बरेच बदलले आहेत आणि २०२१ च्या संलग्न आरोग्य व्यवसायांच्या कायद्यामुळे आणखी बदलत आहेत. म्हणून प्रवेश घेण्याआधी सीनियरच्या सांगण्यावर न जाता परिषदेची चालू यादी स्वतः पाहा.

तीन कायदे तोंडपाठ नसले तरी अर्थासह माहीत हवेत. मानसिक आरोग्य सेवा कायदा, २०१७ : याच्या कलम २३ ने क्लायंटला गोपनीयतेचा हक्क दिला आहे. पोक्सो कायदा, २०१२ : अल्पवयीन मुलावरचा लैंगिक अत्याचार कळला तर कलम १९ प्रमाणे पोलिसांना कळवणं बंधनकारक आहे. ही मर्यादा क्लायंटला पहिल्याच भेटीत सांगायची, नंतर नाही. आणि महाराष्ट्रात काम करत असाल तर २०१३ चा जादूटोणाविरोधी कायदा. ‘भूत उतरवण्यासाठी’ क्लायंटला चाबकाने मारलं जात असेल, तर तिथे संस्कृतीचा आदर हा मुद्दाच उरत नाही.

पहिला क्लायंट घेण्याआधी हाताशी असायला हवं :

– पदवीची आणि नोंदणीची कागदपत्रं
– क्लायंटला वाचून सहज कळेल अशा मराठीतलं संमतीपत्र (इंग्रजी छापील नमुन्याखाली सही घेऊ नका)
– सुपरव्हायझरशी दिवस, वेळ आणि फी यांबद्दल लेखी ठरलेलं
– नोंदी ठेवायला कुलपाचं कपाट किंवा पासवर्ड असलेली फाइल
– ज्यांना तुम्ही फोन करू शकता असे एक मानसोपचारतज्ज्ञ, आणि टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा क्रमांक १४४१६
– एक जाड वही, फक्त तुमच्यासाठी

सापळा : शनिवार-रविवारच्या कोर्सनंतर ‘सायकोॲनालिस्ट’ असं प्रमाणपत्र मिळत असेल तर लांब राहा. मनोविश्लेषकाचं प्रशिक्षण कित्येक वर्षांचं असतं. कोणत्याही कोर्सला तीन प्रश्न विचारा. स्वतःची थेरपी सक्तीची आहे का? सुपरव्हिजन आठवड्याला किती? शिकवणारे स्वतः कुठे शिकले? यांची सरळ उत्तरं मिळत नसतील तर पैसे भरू नका. मुंबईत सायकोॲनालिटिक थेरपी अँड रिसर्च सेंटर आहे, कोलकात्यात १९२२ पासूनची इंडियन सायकोॲनालिटिकल सोसायटी आहे. सुरुवातीची चौकशी अशा ठिकाणी करा.

२. स्वतःची थेरपी सुरू करा

बर्लिनच्या मनोविश्लेषण संस्थेने १९२० मध्ये प्रशिक्षणाचा जो साचा घातला तोच जगभर थोड्याफार फरकाने चालतो : स्वतःचं विश्लेषण, देखरेखीखालचं काम आणि सिद्धान्ताचा अभ्यास. तिन्हींत पहिल्याला फाटा देण्याचा मोह फार होतो, कारण खिशाला ते जड जातं. पूर्ण विश्लेषणात आठवड्याला चार-पाच भेटी असतात. नव्याने कमावू लागलेल्याला ते परवडत नाही, हे खरं आहे. आठवड्यातून एकदा जा, पण खंड न पाडता जा. प्रशिक्षणार्थींसाठी फी कमी करता येईल का, हे विचारायला लाजू नका. पुष्कळ ज्येष्ठ थेरपिस्ट तशी जागा राखून ठेवतात.

थेरपिस्ट निवडताना भाषेचा विचार करा. तुमची भांडणं, अंगाई, शिव्या ज्या भाषेत झाल्या ती भाषा त्या खोलीत बोलता आली पाहिजे. इंग्रजीत आईबद्दल बोलताना आपण सगळेच फार समंजस होतो.

थेरपिस्ट आपल्याच जातीधर्माचा असावा का, असंही विचारलं जातं. माझं मत असं की दोन्हीकडे किंमत मोजावी लागते. आपल्यातला असेल तर ‘तुम्हाला माहीतच आहे’ म्हणत बरंच काही बोलायचं राहून जातं. वेगळा असेल तर घरच्या साध्या गोष्टी समजावून सांगाव्या लागतात, आणि सांगता सांगता त्या आपल्यालाच पहिल्यांदा ऐकू येतात. भारतीय मनोविश्लेषक सुधीर कक्कर यांचं प्रशिक्षण फ्रँकफर्टला, जर्मन विश्लेषकाकडे झालं. त्या नात्यात आलेल्या सांस्कृतिक अंतराबद्दल त्यांनी पुढे मोकळेपणाने लिहिलं, आणि आपल्याकडच्या कुटुंबाबद्दलची त्यांची पुढची सगळी मांडणी त्या अस्वस्थतेच्या जवळून जाते. अंतर असेल तर ते त्या खोलीत बोलून टाका, एवढंच.

३. आपल्या घराचा नकाशा लिहून काढा

जाड वही यासाठी. हा माझ्या मते सगळ्यात महत्त्वाचा गृहपाठ आहे आणि कोणत्याही अभ्यासक्रमात तो पुरेसा होत नाही. दुसऱ्याची संस्कृती शिकायला निघालेले लोक आपलं घर म्हणजे ‘नॉर्मल’ धरून निघतात. म्हणून आधी आपलं घर परक्याच्या नजरेने पाहायचं. घाई न करता, काही आठवडे घेऊन, या प्रश्नांची उत्तरं लिहा :

घरात आधी कोण जेवत होतं आणि शेवटी कोण? आईला ‘तू’ आणि वडिलांना ‘तुम्ही’, की दोघांनाही एकच? राग कोणाला येऊ शकत होता आणि कोणाला आला तर ‘डोकं फिरलंय’ म्हणत? पैसे कोणाच्या कपाटात? मुलीच्या पाळीच्या दिवसांत काय व्हायचं? कामाला येणाऱ्या बाईंचा कप वेगळा होता का? जात पहिल्यांदा कधी कळली, आणि कोणाच्या तोंडून? कोणत्या देवाला घाबरायचं होतं, किंवा देवच नव्हता का? लग्न मोडलेल्या, पळून गेलेल्या, आत्महत्या केलेल्या नातेवाइकाबद्दल काय सांगितलं गेलं? घरातलं मानसिक आजारी माणूस कुठे ठेवलं गेलं : माडीवर, गावाला, की येरवड्याला?

शेवटच्या दोन प्रश्नांपाशी बहुतेकांचं पेन थांबतं. थांबलं तर तारीख घाला आणि तसंच राहू द्या, स्वतःच्या थेरपीत ते घेऊन जा. क्लायंटच्या गोष्टीत तुम्ही पुढे नेमके तिथेच बहिरे होणार असता.

जातीचा प्रश्न अनेक सवर्ण विद्यार्थी ‘आमच्याकडे असलं काही नव्हतं’ या एका ओळीत संपवतात. तिथे परत जा. आडनाव सांगताना कधीच अडखळावं लागलं नाही, हाही एक अनुभवच आहे. त्याने तुमचं मन घडवलं आहे.

४. वाचनाचा क्रम

फ्रॉइडपासून सुरुवात करा, त्याला वळसा घालू नका. पण त्याच्या बरोबरीने गिरींद्रशेखर बोस वाचा. कलकत्त्याच्या या डॉक्टरांनी १९२२ मध्ये भारतात मनोविश्लेषणाची संस्था काढली आणि फ्रॉइडशी वर्षानुवर्षं पत्रव्यवहार केला. आपल्या रुग्णांत युरोपातल्यासारखी लिंग छाटलं जाण्याची भीती (कॅस्ट्रेशन) ठळक दिसत नाही आणि पुरुषांत स्त्री होण्याची इच्छा अधिक सहज सापडते, असं त्यांनी १९२९ मध्ये फ्रॉइडला कळवलं होतं. प्रत्येक इच्छेच्या पोटात तिच्या उलट इच्छा असते, हा त्यांचा सिद्धान्त. पटो न पटो, आपल्या खोलीत दिसणारं गुरूला सांगायची ती हिंमत शिकण्यासारखी आहे.

मग कक्कर. मग ॲलन रोलंड : या अमेरिकी विश्लेषकाने भारतात आणि जपानमध्ये काम करून ‘कौटुंबिक स्व’ ही कल्पना मांडली. आपल्याकडच्या माणसाचा ‘मी’ घरच्यांना सामावून घेऊन उभा असतो आणि तरी त्याच्या आत अत्यंत खासगी असा कोपरा असतो, असं ते म्हणतात. मानसोपचारतज्ज्ञ जसवंतसिंग नेकींचा गुरू-शिष्य नात्यावरचा १९७३ चा लेख नक्की मिळवा. आणि मानसोपचारतज्ज्ञ फ्रांत्स फॅनन : १९५३ पासून फ्रेंचांच्या ताब्यातल्या अल्जीरियातल्या ब्लिदाच्या मनोरुग्णालयात काम करताना, गुलामीत राहिलेल्या माणसाच्या आजारातून राज्यकर्ता वजा करता येत नाही, हे त्यांनी दाखवलं. फॅनन वाचून लगेच बाबासाहेब आंबेडकर वाचा. मनोविश्लेषणाच्या यादीत त्यांचं नाव नसतं, पण अपमान माणसाच्या आत कसा मुरतो हे महाराष्ट्रात काम करणाऱ्याला त्यांच्याइतकं कोणी शिकवणार नाही.

सापळा : ‘भारतीय मन’ असं एकच काही आहे असं धरून चालणारं लेखन भरपूर आहे. ते बहुतेक वेळा उत्तरेतल्या, उच्चवर्णीय, हिंदू, पुरुषाच्या मनाबद्दल असतं. वाचताना समासात लिहीत जा : हे कोणाबद्दल चाललंय?

५. एका बाळाकडे पाहायला शिका

मनोविश्लेषक एस्थर बिक यांनी लंडनच्या टॅव्हिस्टॉक क्लिनिकमध्ये १९४८ पासून ही पद्धत शिकवली. एका घरी आठवड्यातून एकदा तासभर जायचं, नवजात बाळ आणि आई यांच्याकडे नुसतं पाहायचं, घरी येऊन आठवेल तसं लिहायचं आणि छोट्या गटात वाचायचं. हे साधारण दोन वर्षं चालतं.

आपल्याकडे हे करताना पहिली गोष्ट कळते ती ही की ‘आई आणि बाळ’ असे दोघेच कधी सापडत नाहीत. तेल-पाण्याला येणाऱ्या बाई असतात, आजी असते, शेजारीण ‘दृष्ट काढा’ म्हणून सांगून जाते. बाळ पाच मांड्यांवरून फिरतं. इंग्रजी पुस्तकातला निरीक्षक कोपऱ्यात गप्प बसतो. तुमच्या हातात पोहे येतील, मग बाळच येईल. गप्प बसायचा हट्ट घरच्यांना तुसडेपणा वाटेल. पोहे खा, बाळ घ्या, आणि घेतल्यावर तुमच्या छातीत काय झालं ते घरी येऊन लिहा. आजीच्या मांडीवर शांत होणारं बाळ आईकडे गेल्यावर रडलं तेव्हा आईने कोणाकडे पाहिलं, हेही लिहा. बाळ किती माणसांना ओळखतं आणि त्यांतलं प्रत्येक त्याला कशासाठी लागतं, हे एकदा डोळ्यांनी पाहिलं की पुढे प्रौढ क्लायंटच्या गोष्टीतली काकू, मावशी, थोरली बहीण तुमच्या कानातून निसटत नाही.

६. पहिल्या भेटी

कोण कोणाला घेऊन आलंय, इथून सुरुवात करा. मुलगा एकटा आला की भाऊजी बाहेर बाकावर बसलेत? भाऊजी असतील तर पहिली दहा-पंधरा मिनिटं त्यांनाही आत घ्या आणि त्यांचं ऐकून, आता आपण दोघेच बोलू असं सांगून त्यांना बाहेर बसवा. एकदम दार लावून घेतलंत तर पुढच्या भेटीला मुलगाच येत नाही.

मानसिक आजारांच्या अमेरिकी निदानपुस्तिकेच्या (डीएसएम) २०१३ च्या आवृत्तीत सोळा प्रश्नांची एक सांस्कृतिक मुलाखत आहे. मानसोपचारतज्ज्ञ आणि मानववंशशास्त्रज्ञ आर्थर क्लाइनमन यांचेही असेच प्रश्न प्रसिद्ध आहेत. ते जसेच्या तसे वाचून दाखवू नका. गाभा घ्या : तुम्हाला काय होतंय, तुमच्या शब्दांत सांगा. कशामुळे होतंय असं तुम्हाला वाटतं? घरचे काय म्हणतात? याआधी कुठे कुठे दाखवलं : डॉक्टर, वैद्य, देवऋषी, महाराज, दर्गा? तिथे काय बरं वाटलं? शेवटचा प्रश्न विचारताना चेहऱ्यावर परीक्षा घेतल्यासारखं काही दिसलं तर खरं उत्तर येणार नाही.

‘जीव घाबरा होतो’, ‘अंगातून वाफा निघतात’, ‘डोक्यात मुंग्या येतात’ ही वाक्यं जशीच्या तशी लिहून ठेवा. आधी रक्त आणि थायरॉइड तपासलं आहे ना, ते पाहा. मग त्या वाफा कधी निघतात, तेव्हा घरात कोण असतं, ते विचारा. शरीराबद्दल बोलणारा क्लायंट भावनांबद्दल बोलणाऱ्यापेक्षा कमी प्रगल्भ असतो, हा समज टाकून द्या. ‘टेन्शन’ हा शब्द आला की मात्र तिथेच थांबून विचारा, कारण त्यात राग, भीती, कर्ज आणि सासू यांतलं काहीही असू शकतं.

७. चौकट आखा, आणि ती कुठे वाकते ते पाहा

ठरलेला वार, ठरलेली वेळ, ठरलेली फी ही थेरपीची चौकट. आपल्याकडे तिला रोज धक्के बसतात आणि प्रत्येक धक्क्यात माहिती असते.

फी कोणाच्या खिशातून येते हे विचाराच. सासरे फी देत असतील तर सून त्या खोलीत सासऱ्यांबद्दल काय बोलू शकेल? नातेवाइकांचे फोन येणारच : ‘मॅडम, तो तुम्हाला काय म्हणाला?’ यासाठी पहिल्या भेटीत क्लायंटसमोरच नियम सांगून ठेवा. मी तुमचं म्हणणं ऐकून घेईन, त्याच्याबद्दल काही सांगणार नाही, आणि तुमचा फोन आला होता हे त्याला सांगेन. नियम सगळ्यांसमोर सांगितला की आईला अपमान वाटत नाही.

उशीर झाला की लगेच ‘प्रतिकार’ (नको त्या विषयापासून लांब राहण्याची नेणिवेतली धडपड) असं लिहू नका. हार्बर लाइन खरंच बंद असते. मात्र फक्त भावाचा विषय निघालेल्या भेटीनंतरच्या आठवड्यातच लोकल बंद पडत असेल, तर ते पुढच्या भेटीत बोलायला हवं.

संक्रांतीचा तिळगूळ घ्या. नाकारणं आपल्याकडे नातं तोडण्यासारखं आहे. महागडी साडी घेऊ नका. लग्नाची पत्रिका आली तर जागच्या जागी हो किंवा नाही म्हणू नका. ‘मी तिथे असले तर तुम्हाला कसं वाटेल?’ इथून बोलणं सुरू करा. लग्नात तुमची ओळख कोण म्हणून करून द्यायची, या एका प्रश्नाभोवती पूर्ण भेट जाऊ शकते, आणि जाऊ द्यावी. पाया पडणाऱ्याला अडवायला धावू नका. नंतर शांतपणे त्याबद्दल बोला.

ऑनलाइन भेटींची एक गोष्ट वेगळी सांगायला हवी. दोन खोल्यांत सहा माणसं असलेल्या घरातला क्लायंट गच्चीवरून, जिन्यातून किंवा उभ्या रिक्षातून बोलतो. इअरफोन सक्तीचे करा आणि कोणी आलं तर म्हणायचं एक साधं वाक्य आधीच ठरवा, उदाहरणार्थ ‘मी उद्या फाइल पाठवते’. ते ऐकलं की तुम्ही गप्प व्हायचं. क्लायंट परदेशात असेल तर आणखी एक अडचण : अमेरिकेतल्या बहुतेक राज्यांत क्लायंट जिथे बसला आहे तिथला परवाना लागतो. ‘आपलाच मराठी माणूस आहे’ म्हणून भेटी सुरू करण्याआधी हे तपासा.

८. रूढी की लक्षण : चार प्रश्न

आता बँकेतल्या बाईकडे येऊ. अशा वेळी मी विद्यार्थ्यांना चार प्रश्न घेऊन बसायला सांगते.

पहिला : याच घरातले इतर लोक ही पद्धत कशी पाळतात? दुसरा : ती मोडली तर काय होईल, असं या व्यक्तीला वाटतं? तिसरा : ही पद्धत पाळल्यामुळे कोणती भावना टळते? चौथा : हे मला आत्ता का सांगितलं जातंय?

समजा उत्तरं अशी आली. धाकटी बहीणही नोकरी करते, ती पगारातला थोडा भाग घरी देते, बाकी तिचा. म्हणजे रूढी आहे, पण सगळा पगार देणं या बाईचं स्वतःचं आहे. सुरुवात भाऊ अपघातात गेला त्या वर्षी झाली. वडिलांनी कधी मागितलं नव्हतं. पगार दिला नाही तर काय होईल? ‘बाबा एकदम म्हातारे होतील.’ आणि झोप कधी उडाली? वडील आजारातून उठले आणि म्हणाले, आता तुझे पैसे तूच ठेव, तेव्हा.

पगार देताना ती घरचा मुलगा असते. सकाळी पैसे मागताना ती त्यांची लहान मुलगी असते. बोस यांची उलटसुलट इच्छांची जोडी इथे स्पष्ट दिसते. वडिलांनी ‘तू मोकळी आहेस’ म्हटलं आणि एका वाक्यात दोन्ही जागा गेल्या. भावासाठी न रडलेलं रडणं आता रात्री जागं आहे. अवलंबित्व म्हणून तिला ‘स्वतंत्र व्हा’ असं शिकवलं असतं तर वडिलांनी केलं तेच थेरपिस्टने केलं असतं. पद्धत म्हणून सोडून दिलं असतं तर भावाचा विषय आलाच नसता.

दुसरं उदाहरण, अंगात येण्याचं. शेतकरी घरातली सून. दर मंगळवारी अंगात देवी येते. त्या तासाभरात सासू तिच्यापुढे वाकते. हे वाचून तुम्हाला लगेच सत्ता आणि दबलेला आवाज दिसला असेल. दिसू द्या, पण त्यावर थांबू नका. देवी काय बोलते? कोणावर रागावते आणि कोणाला काही म्हणत नाही? गावात आणखी कोणाच्या अंगात येतं आणि गाव त्यांना कसं ओळखतं? देवी यायची थांबली तर? एका बाईसाठी तो राग बोलण्याचा एकमेव रस्ता असेल, दुसरीसाठी मेलेल्या आईला भेटण्याची वेळ, तिसरीसाठी गावाने दिलेलं मानाचं काम, ज्यात थेरपिस्टने नाक खुपसायचं कारण नाही. आणि देवी ठरलेल्या जागेवेळेबाहेर येऊ लागली, दातखीळ, झटके, उडालेली झोप, इजा असं काही दिसलं तर त्याच दिवशी मानसोपचारतज्ज्ञ किंवा मेंदूविकारतज्ज्ञ.

९. तुम्ही त्यांच्यासाठी कोण आहात

ताई, मॅडम, डॉक्टर, सर : क्लायंटने निवडलेली हाक लिहून ठेवा, आणि ती बदलली तर कधी बदलली तेही. तुम्ही सव्वीस वर्षांचे आणि समोर पंचावन्नचे गृहस्थ असतील तर ते ‘बाळा’ म्हणतील आणि तुम्हालाच सल्ले देऊ लागतील. मदत मागण्याची शरम त्यांना तशी झाकता येते. ऐकून घ्या. पोराच्या वयाच्या माणसासमोर हे बोलणं जड जात असेल ना, असं योग्य वेळी म्हटलंत तर बहुतेक वेळा गाडी पुढे सरकते.

‘तुम्ही सांगाल तसं करते’ हे वाक्य तुम्ही फार ऐकाल. नेकींनी दाखवलं ते इथे कामाला येतं : आपल्याकडचा माणूस बरं करणाऱ्याकडे गुरू म्हणून पाहतो आणि काही काळ त्याच्यावर टेकून राहणं त्याला कमीपणाचं वाटत नाही. पाश्चात्त्य पद्धतीतली थेरपिस्टची लांब शांतता अशा क्लायंटला वडीलधाऱ्याचा राग वाटू शकते. सुरुवातीला थोडं बोला, साध्या प्रश्नाला साधं उत्तर द्या. कोणाशी लग्न करू, हे मात्र सांगू नका. पूर्वी असे निर्णय कोणाच्या सांगण्यावरून घेतले आणि नंतर त्या माणसाचा राग आला का, हे विचारा.

जातीबद्दल. क्लायंट तुमचं आडनाव पाटीवर वाचूनच आत येतो. तुम्ही दलित असाल आणि समोरचा सवर्ण, किंवा उलट, तर ती गोष्ट पहिल्या मिनिटापासून खोलीत असते. पाणी कोणत्या ग्लासातून आलं, हे कोणीतरी पाहिलेलं असतं. सवर्ण थेरपिस्टची नेहमीची प्रतिक्रिया म्हणजे अतिरेकी गोडवा : फी आपणहून कमी करणं, रागाला लगेच ‘बरोबर आहे तुमचं’ म्हणणं. हा काउंटरट्रान्सफरन्स (क्लायंटबद्दल थेरपिस्टच्या मनात उमटणाऱ्या भावना) आहे, अपराधीपणातून आलेला, आणि त्यामुळे क्लायंटला तुमच्यावर रागावताच येत नाही. क्लायंटकडून जातिव्यवस्थेचे धडेही घेऊ नका. तो अभ्यास तुमचा तुम्ही करायचा. दलित किंवा मुस्लिम थेरपिस्टला क्लायंटच्या सहज बोलण्यातून वार सोसावे लागतात. त्यासाठी ज्याच्याशी मोकळं बोलता येईल असा सुपरव्हायझर मागणं हा तुमचा हक्क आहे. ‘ट्रान्सफरन्स म्हणून पाहा’ एवढंच ऐकवणारा पुरेसा नाही.

१०. सुपरव्हिजन आणि केस मांडणं

भेट झाली त्याच दिवशी आठवणीतून संवाद लिहा, ज्या भाषेत झाला त्याच भाषेत. क्लायंट मराठीतून एकदम इंग्रजीत कधी गेला, ती जागा खुणेने दाखवा. बहुतेकदा लैंगिक विषय, वडिलांचा राग किंवा पैसा आलेला असतो. समासात स्वतःला काय वाटलं ते लिहा : कंटाळा, भूक, झोप, सगळं.

परदेशी सुपरव्हायझर आता घरबसल्या मिळतात. चीनमध्ये तरुण थेरपिस्टांची मोठी फळी जर्मन आणि अमेरिकी विश्लेषकांकडून शिकली. याचा फायदा म्हणजे तुमचं गृहीत धरलेलं सगळं त्यांना विचारावं लागतं. धोका दोन बाजूंनी आहे. काही जण प्रत्येक गोष्टीला ‘तुमची संस्कृती’ म्हणून हात लावत नाहीत, आणि आपणही अडचणीच्या प्रश्नापासून ‘आमच्याकडे असंच असतं’ म्हणून सुटका करून घेतो. हे वाक्य तोंडून गेलं की त्याखाली रेघ मारा. काम तिथेच आहे. शक्य असेल तर एक स्थानिक आणि एक बाहेरचा असे दोघे ठेवा. लंडनचं नफसियत हे केंद्र १९८३ मध्ये मूळचे भारतातले जफर करीम यांनी काढलं. वंश, भाषा आणि स्थलांतर खोलीबाहेर न ठेवता सायकोडायनॅमिक काम कसं करायचं, यासाठी तिथल्या लोकांनी लिहिलेलं वाचण्याजोगं आहे.

शिवाय पाच-सहा समवयस्कांचा गट करा, पंधरवड्यातून एकदा भेटणारा. सगळे एकाच कॉलेजचे, एकाच जातीचे नसतील एवढं पाहा.

वर्षभराने तुम्ही पहिली केस सर्वांसमोर मांडाल. आधी क्लायंटची परवानगी घ्या, आणि परवानगी मागण्याने थेरपीत काय हललं तेही सुपरव्हिजनमध्ये बोला. मग ओळख पुसा. नुसतं नाव बदलून भागत नाही. आपल्याकडे तालुका, आडनाव आणि शाळेतली नोकरी एवढ्यावर सभागृहातलं कोणीतरी माणूस ओळखतं. तालुका बदला, व्यवसाय त्याच तोलाचा पण वेगळा द्या, भावंडांची संख्या बदला. जात बदलू नका, कारण ती बदलली तर केसच दुसरी होते. जातीमुळे ओळख पटण्याचा धोका असेल तर ती केस त्या सभेत मांडू नका, बंद दाराआडच्या छोट्या गटात मांडा, आणि वाचून झालं की कागदाच्या सगळ्या प्रती परत घ्या.